फेफरे आणि विसर : बाधा नव्हे, मेंदूचे दुखणे

कुणाला फेफरे आले की आजही कुणी कांदा फोडून हुंगवतो, कुणी चप्पल नाकाला लावतो, कुणी भगताकडे धावतो. म्हातारी माणसे घरची वाट विसरू लागली की ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. वाचक बंधू-भगिनींनो, ही दोन्ही दुखणी मेंदूची आहेत. ती कशी होतात ते आम्ही आज सांगत आहोत.

हापूसच्या बागेत राखण्या असतो. माकडे आली की तो दगड मारतो. पण माकडे गेल्यावरही मारीतच राहिला तर आंबेच झडतील. मेंदूतही अशा राखणदार पेशी असतात. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. जंतू मारणे, कचरा उचलणे हे त्यांचे काम. मार लागला किंवा जंतुसंसर्ग झाला की त्या चवताळतात आणि सूज येते. ही सूज रेंगाळली तर चांगल्या पेशींनाही इजा होते आणि फिट येऊ शकते. फिट वारंवार आली तर सूज आणखी वाढते.

आपल्या देशात फिटचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूतली जंताची गाठ. हा जंत डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात येतो. पण मेंदूत गाठ होते ती त्याच्या अंड्यांमुळे. अशा माणसाच्या विष्ठेतली अंडी न धुतलेले हात, पाणी, कच्ची भाजी यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणून शाकाहारी माणसालाही हा रोग होतो. कुणाच्या खाण्याला नावे ठेवू नयेत. जिवंत गाठ बहुधा गप्प असते. ती मरू लागली की राखणदार पेशी तुटून पडतात, सूज येते आणि फिट सुरू होते. म्हणूनच डॉक्टर जंताच्या औषधाबरोबर सूज उतरवणारे औषधही देतात.

म्हातारपणीच्या अल्झायमर रोगात मेंदूत एक प्रथिन साचत जाते. राखणदार पेशी ते उचलू पाहतात, पुढे त्याच बिथरतात. हा रोग पुरता बरा करणारे औषध अजून नाही. पण थायरॉइड बिघडल्याने किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याने आलेला विसर उपचाराने सुधारू शकतो. म्हणून आधी तपासणी करावी.

रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, त्यामुळे फेफरे म्हटले की काहींना तेच आठवते. फेफरे म्हणजे वेड नव्हे. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात १९७६ साली फेफऱ्याची आडकाठी घातली गेली होती. ती १९९९ साली काढून टाकली. तरीही मुलीचा आजार लपवून लग्न लावतात. सासरी गोळी चोरून घ्यावी लागते, मग ती सुटते आणि फिट पुन्हा येते. आयाबायांनो, हे लपवू नका. नीट औषध घेतले तर दहांपैकी सात जणांची फिट थांबू शकते. गोळी मनाने बंद करू नये. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.