पंक्तीला राजा असताना

राज्यकर्त्यांसोबत प्रार्थनेला बसणाऱ्या ख्रिस्ती माणसावर दोन्हीकडून टीका होते. एक पक्ष म्हणतो, देवाचे नाव घेऊन सत्तेच्या पंक्तीला बसणे हेच मुळात पाप आहे, तिकडे फिरकूच नये. दुसरा म्हणतो, प्रार्थनेत राजकारण कसले? बोलावले की जावे, मस्तक लववावे, चार ओळखी कराव्यात आणि परत यावे. मला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत. जावे, असेच माझे मत आहे. पण राज्यकर्त्याला न रुचणारे सत्य ज्याच्यापाशी आहे आणि ते तिथेच, त्याच्या तोंडावर बोलायची ज्याची तयारी आहे, त्याने जावे. बाकीच्यांनी आपल्या घरी, आपल्या मंडळीत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी. देव तीही ऐकतो.

या वादाचे सर्वांत ठळक उदाहरण वॉशिंग्टनचे आहे. तिथे दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला ‘नॅशनल प्रेयर ब्रेकफास्ट’ भरतो. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर पहिल्यांदा त्याला आले आणि तेव्हापासून प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने तिथे हजेरी लावली आहे. पुढे ‘वॉशिंग्टन हिल्टन’च्या सभागृहात शंभराहून अधिक देशांतले तीन हजारांवर पाहुणे जमू लागले. त्यांत खासदार, राजदूत, सेनाधिकारी, उद्योगपती, बिशप, पाळक असे सगळेच असत. निमंत्रण अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांच्या नावाने निघे. प्रत्यक्ष कारभार मात्र ‘द फेलोशिप’ या फारशा प्रकाशात न येणाऱ्या संस्थेच्या हाती होता.

धर्म आणि राज्य वेगळे असावे म्हणून राष्ट्राध्यक्षाने जाऊच नये, या आक्षेपात मला फारसा दम दिसत नाही. अमेरिकी राज्यघटनेची १७९१ची पहिली दुरुस्ती सरकारला धर्म स्थापन करण्यापासून रोखते आणि धर्माचरणात अडथळा आणण्यापासूनही रोखते. पदावर बसला म्हणून माणसाला प्रार्थनेची बंदी करता येत नाही.

भाविकांचा आक्षेप अधिक खोल आहे. येशूने खोलीचे दार लावून प्रार्थना करायला सांगितले, मग हजारो लोकांसमोर, कॅमेऱ्यांसमोर ही कसली उपासना? पण मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूचा रोख लोकांनी पाहावे म्हणून चौकात उभे राहणाऱ्यांवर आहे. लाजराच्या कबरेपाशी तो स्वतः जमलेल्या लोकांदेखत प्रार्थना करतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची स्पष्ट आज्ञा आहे, आणि त्या काळचे राजे रोमन होते, ख्रिस्ती मुळीच नव्हते. पौल अग्रिप्पा राजासमोर उभा राहिला तो हातात बेड्या घेऊन, आणि त्याने राजाला त्याच्या विश्वासाविषयीच सरळ प्रश्न टाकला. सत्तेसमोर जाण्यास पवित्र शास्त्राने कुठेही मनाई केलेली नाही. तिथे जाऊन काय करायचे, एवढाच प्रश्न शास्त्र विचारते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण माझे खरे भांडण त्याच्याशी आहे. हा पक्ष सांगतो की तिथे केवळ मैत्री आणि प्रार्थना असते, पक्ष आणि राजकारण दाराबाहेर राहते. इतिहास याला साक्ष देत नाही. ‘द फेलोशिप’चे संस्थापक अब्राहम व्हेरीडे हे नॉर्वेत जन्मलेले मेथडिस्ट पाळक. १९३५ साली सिएटलमध्ये त्यांनी व्यापारी आणि उद्योजकांना सकाळच्या प्रार्थनेसाठी एकत्र केले, तेव्हा त्या शहरात गोदी कामगारांच्या आदल्या वर्षीच्या संपाची धग होती. प्रार्थनेला मालक बसले होते. संपावर गेलेला कामगार त्या खोलीत नव्हता. ज्या खोलीत फक्त बलवानांनाच बोलावले जाते, तिथली मैत्री कितीही प्रामाणिक असली तरी तिचा कल कुणीकडे जाणार हे आधीच ठरलेले असते. गरिबांमध्ये वावरणाऱ्या येशूच्या नावाने ही निवड होते, याचे मला फार दुःख होते.

व्हेरीडेंनंतर १९६९ पासून डग को यांनी ही संस्था जवळपास अर्धशतक चालवली. पडद्याआड राहून काम करावे ही त्यांची ठाम भूमिका. त्या पडद्याआड काय काय वाढले ते पाहा. २००९ साली युगांडात समलिंगी व्यक्तींना काही बाबतींत मृत्युदंडापर्यंत शिक्षा सुचवणारे विधेयक आणणारे खासदार डेव्हिड बहाती हे याच वर्तुळाशी जोडलेले असल्याचे पत्रकार जेफ शार्लेट यांनी उघड केले. संस्थेशी संबंधित अमेरिकी मंडळींनी विधेयकापासून अंतर राखले हे खरे, आणि २०१०च्या प्रार्थनासभेत ओबामांनी त्या विधेयकाचा जाहीर धिक्कार केला हेही खरे. २०१८ साली मारिया बुटिना ही रशियन तरुणी पकडली गेली, तेव्हा ही प्रार्थनासभा रशियाच्या बाजूने छुपे संपर्क जोडण्यासाठी कशी वापरली जात होती हे न्यायालयीन कागदपत्रांत आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने गुन्हा कबूल केला. शेवटी २०२३ मध्ये काँग्रेसच्या सदस्यांनी आपली सभा या संस्थेपासून वेगळी काढली आणि छोट्या स्वरूपात कॅपिटॉलच्या आवारात नेली. राजकारण खरोखरच दाराबाहेर राहिले असते, तर ही फारकत करायची वेळ का आली असती?

‘पण जवळ गेल्याशिवाय सत्ताधाऱ्याचे मन कसे वळवणार?’ हा युक्तिवाद मी आपल्याकडच्या धर्मगुरूंकडूनही ऐकला आहे आणि तो प्रामाणिकपणे केला जातो हे मला माहीत आहे. त्याला उत्तर म्हणून मी १ फेब्रुवारी १९७२ हा दिवस समोर ठेवतो. त्या सकाळी प्रार्थनासभा आटोपल्यावर उपदेशक बिली ग्रॅहम राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याबरोबर व्हाइट हाउसमध्ये बराच वेळ बोलत बसले. निक्सन ज्यूंविषयी विषारी बोलू लागले. ग्रॅहम यांनी त्यांना अडवले नाही. उलट प्रसारमाध्यमांवरची ज्यूंची पकड मोडली पाहिजे, अशी भर स्वतःच घातली. खोलीतले ध्वनिमुद्रण यंत्र चालू होते. २००२ साली ती फीत खुली झाली आणि ८३ वर्षांच्या ग्रॅहम यांना ज्यू समाजाची जाहीर क्षमा मागावी लागली.

ग्रॅहम काही द्वेषाचे प्रचारक नव्हते. १९५३ साली टेनेसीतल्या आपल्या सभेत गोऱ्या-काळ्यांना वेगळे बसवणारे दोर त्यांनी स्वतः काढायला लावले होते आणि १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांना आपल्या व्यासपीठावर बोलावले होते. म्हणून तर हे उदाहरण मला अस्वस्थ करते. अमेरिकेतला सर्वांत ख्यातनाम उपदेशक राष्ट्राध्यक्षाचे मन वळवायला त्या खोलीत होता, आणि वळले ते उपदेशकाचे मन. प्रार्थना करून अर्धा दिवसही उलटला नव्हता.

बरोबर एक वर्षाने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी, त्याच प्रार्थनासभेत निक्सन यांच्यासमोर सिनेटर मार्क हॅटफिल्ड बोलायला उभे राहिले. हॅटफिल्ड बॅप्टिस्ट, ओरेगॉनचे, आणि निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. दुसऱ्या महायुद्धात नौदलात असताना अणुबॉम्बनंतरचे हिरोशिमा त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. व्हिएतनामबाबत पॅरिसचा करार २७ जानेवारीला झाला होता आणि सभागृह शांततेबद्दल आभार मानायला जमले होते. हॅटफिल्ड यांनी त्या युद्धाला राष्ट्राच्या आत्म्यावर व्रण उठवणारे पाप म्हटले आणि पश्चात्तापाची मागणी केली. आपल्या सोयीचा, आपल्या झेंड्याशी एकनिष्ठ असलेला एक लहानसा देव घडवून त्याचीच आपण पूजा करू लागलो आहोत, असा इशाराही दिला. अमेरिकेत १९५४ साली ध्वजप्रतिज्ञेत देवाचे नाव घातले गेले आणि १९५६ साली देवावरील विश्वास हे राष्ट्राचे अधिकृत ब्रीद झाले. साम्यवाद्यांच्या नास्तिकतेला उत्तर म्हणून देवाला बिल्ल्यासारखे छातीवर लावले गेले होते. त्या बिल्ल्याला हात घालायचे धैर्य हॅटफिल्ड यांनी दाखवले आणि त्याची किंमत त्यांना आपल्याच पक्षात मोजावी लागली.

असे प्रसंग शुभ असतात, तिथे कटू बोलणे असभ्यपणाचे, असे काही जण म्हणतील. हेच बेथेलच्या याजकाने आमोसाला सांगितले होते. हे राजाचे पवित्रस्थान आहे, इथे भविष्य सांगू नकोस, यहूदात जा आणि तिथे भाकरी मिळव. गुरे राखणाऱ्या आमोसाने ते ऐकले नाही. नाथान संदेष्टा दावीदाच्या महालातच गेला आणि उरीयाच्या खुनाचा दोष त्याने राजाच्या पदरात टाकला. आपण ज्यांना संदेष्टे म्हणतो त्यांपैकी एकाचीही राजापुढची वागणूक या सभ्यतेच्या कसोटीला उतरणार नाही.

इथे मात्र नीट पारख करायला हवी. राज्यकर्त्याला टोचले की ते आपोआप संदेष्ट्याचे वचन होत नाही. १९९४ साली मदर तेरेसा क्लिंटन यांच्या समोर गर्भपाताविरुद्ध बोलल्या. त्यांचे मत पटो वा न पटो, बोलण्यातून त्यांना स्वतःसाठी काहीही मिळवायचे नव्हते. २०१३ साली डॉ. बेन कार्सन ओबामांपासून काही पावलांवर उभे राहून त्यांच्या कर आणि आरोग्य धोरणांवर बोलले. टाळ्या पडल्या, दूरचित्रवाणीवर नाव झाले आणि २०१५ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले. हॅटफिल्ड यांचे शब्द त्यांच्या स्वतःच्या पक्षाला जखम करणारे होते, कार्सन यांचे विरोधी पक्षाला. बोलणाऱ्याचे त्यात काय जाते, हे मी आधी पाहतो.

आणि राज्यकर्त्याने तिथे भाषण का करावे? माझ्या मते त्याने इतरांच्या रांगेत बसून ऐकावे. २०२० सालच्या सभेत मुख्य वक्ते आर्थर ब्रूक्स शत्रूवर प्रेम करण्याविषयी बोलले. आदल्याच दिवशी महाभियोगातून सुटलेले ट्रम्प नंतर उभे राहिले, सुटकेचा मथळा असलेले वर्तमानपत्र त्यांनी उंचावून दाखवले होते, ब्रूक्स यांच्याशी आपण कदाचित सहमत नाही असे म्हणाले आणि विरोधकांच्या श्रद्धेवरच त्यांनी शंका घेतली. २०१५ साली ओबामांनी त्याच जागेवरून धर्मयुद्धे, इन्क्विझिशन आणि गुलामगिरी ख्रिस्ताच्या नावाने झाली याची आठवण दिली, हा सन्मान्य अपवाद मी मान्य करतो. पण अपवादासाठी नियम सोडता येत नाही. सम्राटाच्या सैन्याने थेस्सलोनिकात केलेल्या कत्तलीनंतर ३९० साली मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी सम्राट थिओडोसियसला प्रायश्चित्त घेईपर्यंत प्रभुभोजन नाकारले. सम्राटाने ते मानले. प्रार्थनेच्या ठिकाणी राज्यकर्त्याची जागा तिथे ठरली आहे.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना हे धडे अमेरिकेतून आणावे लागत नाहीत. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना झाली, तिच्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, रमाबाई ख्रिस्ती होत्या, आणि एकधर्मीयांना सांभाळून घ्यावे असे त्यांना क्षणभरही वाटले नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही स्थान होते. ज्याचे मीठ खावे त्याच्यापुढे जीभ जड होते, हे या माणसाला पुरते ठाऊक होते. म्हणून प्रार्थनेला जाणाऱ्याने आपला प्रवासखर्च स्वतः करावा आणि कोणाकोणाला बोलावले त्याची यादी जाहीर मागावी, हा माझा आग्रह आहे.

दिल्लीतही आता हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. चर्चवरील हल्ल्यांविरुद्ध दिल्लीचे ख्रिस्ती २०१५च्या फेब्रुवारीत रस्त्यावर उतरले. त्याच महिन्याच्या १७ तारखेला विज्ञान भवनात, केरळच्या दोन नव्या संतांच्या गौरवसमारंभात, पंतप्रधान मोदींनी श्रद्धेच्या संपूर्ण स्वातंत्र्याची जाहीर हमी दिली. ती हमी आजही कोणीही बोट ठेवून दाखवू शकतो, कारण आधी लोक बोलले होते. २५ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या निवासस्थानी ख्रिस्ती मान्यवरांचे नाताळ स्नेहसंमेलन झाले. मणिपूरमध्ये कुकी-मैतेई हिंसाचारात ३ मेपासून माणसे मरत होती, चर्च जळाली होती, हजारो लोक छावण्यांत होते. त्या संमेलनातून बाहेर आली ती कौतुकाची भाषणे. देशभरातल्या ख्रिस्ती नागरिकांना सह्या करून सांगावे लागले की हे आमच्या नावाने बोलले गेलेले नाही.

निमंत्रण पुन्हा येईल. ज्याला येईल त्या बिशपने, पाळकाने, शाळेच्या मुख्याध्यापिकेने जरूर जावे. प्रार्थना करायला सांगितली तर मणिपूरच्या कुकी आणि मैतेई दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी मोठ्याने प्रार्थना करावी. पंतप्रधानांशी हस्तांदोलनाची वेळ आली की छावणीतली माणसे घरी कधी जाणार, हे त्यांना विचारावे. आणि जे उत्तर मिळेल ते, किंवा मिळाले नाही तर तसे, येत्या रविवारी आपल्या मंडळीपुढे उभे राहून सांगावे.