लोगो काय, असाच दे ना करून!

‘तू कम्प्युटरवरच असतोस ना, मग एक लोगो टाक की करून!’ अप्लाइड आर्टला असलेल्या माझ्या मित्राला हे सारखं ऐकावं लागतं. परवा मसाले विकणाऱ्या शेजारच्या मावशी आल्या. बजेट नाही, हे खरंच. पण म्हणून फुकट?

फुकटात अ‍ॅपमधलं टेम्प्लेट मिळतं. तोच गोल, तीच लाल मिरची, आणि दोन गल्ल्या सोडून पापडवाल्या काकूंकडेही सेम टू सेम! कॅनव्हाचं तयार चित्र कुणीही वापरू शकतं, त्यामुळे ते ट्रेडमार्क म्हणून आपल्या एकट्याच्या नावावर होत नाही.

नायकेचं चिन्हसुद्धा १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनेच काढलं होतं, ३५ डॉलरमध्ये. स्वस्त, पण फुकट नाही. म्हणून म्हणते, काम विद्यार्थ्यांनाच द्या. फक्त बजेट आधी सांगा, दुरुस्त्या किती ते ठरवा, हक्क तुम्हाला दिल्याचं लिहून घ्या. आणि व्हेक्टर फाइल मागाच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जेपीजी फ्लेक्सवर पार फाटतो.

मावशींनी शेवटी दीड हजार दिले. वर पाव किलो गोडा मसाला.