पूर्वजांचा शोध : अभिमान की अभ्यास ?

अमेरिका म्हणजे इतिहास नसलेल्या लोकांचा देश, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. जो समाज सतत गाव बदलतो, त्याला आजे-पणज्यांची चौकशी कशाला, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आपले घराणे कोठून आले, कोणत्या वसाहतीत उतरले, याचा शोध घेणाऱ्यांची संस्था बोस्टन येथे १८४५ सालीच स्थापन झाली. आज हा छंद तेथे घरोघर पोचला आहे. या छंदाविषयी मला आदरच वाटतो. तथापि तो ज्या दृष्टीने जोपासला जातो, त्या दृष्टीविषयी काही लिहावेसे वाटते.

प्रथम शोधाची रीत पाहू. हा शोध नेहमी उलट्या दिशेने चालतो. स्वतःपासून आरंभ करून आईबाप, आजोबा, पणजोबा असे मागे जायचे आणि प्रत्येक पायरीला कागदाचा पुरावा मागायचा. ओहायोतील एखादे जुने शेतकरी कुटुंब घ्या. त्याचा माग काढीत गेले तर तो बहुधा न्यू इंग्लंडात पोचतो, कारण १७८८ साली ओहायो नदीकाठी मेरिएटा हे गाव वसवणारे लोक तिकडूनच आले होते. तेथून आणखी मागे गेले की कनेटिकटमधील हार्टफर्ड लागते. टॉमस हूकर हा धर्मोपदेशक १६३६ साली सुमारे शंभर माणसे आणि गुरेढोरे घेऊन मॅसॅच्युसेट्सहून पायी तेथे गेला होता. त्यामागे समुद्र आणि समुद्रापलीकडे इंग्लंडातील एखादे खेडे. १६२० ते १६४० या काळात सुमारे वीस हजार इंग्रज असे न्यू इंग्लंडात आले.

दक्षिणेची वाट निराळी. फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरलेली जर्मन आणि अल्स्टरकडील स्कॉच-आयरिश कुटुंबे शेनान्डोआ खोऱ्यातून कॅरोलिनांकडे सरकली. १७७५ साली डॅनिएल बूनने कंबरलंड खिंडीतून वाट पाडल्यावर त्यांची मुले केंटकीत उतरली. मुलगे पुष्कळ आणि वाटणीला येणारी जमीन थोडी, हे या भटकंतीचे मोठे कारण होते. ज्याला आपण घराण्याचा प्रवास म्हणतो तो पुष्कळदा जमिनीचाच शोध असतो. म्हणून संशोधकाला सर्वांत उपयोगी पडतात ते जमिनीचे कागद. व्हर्जिनियात जो कोणी स्वखर्चाने माणूस आणील त्याला दर माणशी पन्नास एकर जमीन मिळे. त्यामुळे करारावर आलेल्या गरीब नोकरांची नावेही मालकाच्या सनदेत सापडतात. त्या बिचाऱ्यांचे नाव टिकले, कारण ते पन्नास एकरांचे होते!

येथवर सारे ठीक. पण कागद हाती आला की अभ्यासाची जागा अभिमान घेतो. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १६२० साली आलेल्या १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या हिवाळ्यातच मरण पावले. जे तगले त्यांच्या वंशजांनी १८९७ साली स्वतंत्र संस्था काढली. प्रत्येक पिढीचा पुरावा दिल्यावाचून तिचे सभासदत्व मिळत नाही. पुराव्याची ही शिस्त स्तुत्य आहे. परंतु ज्या जागी हे प्रवासी वसले ते वाम्पनोआग लोकांचे पाटुक्सेट हे गाव होते आणि अवघ्या काही वर्षांपूर्वी ते साथीने ओस पडले होते, याची आठवण किती वंशवृक्षांत असते ?

माझा मुख्य मुद्दा हा आहे. पूर्वजाचे नाव सापडले की शोध थांबतो. खरे म्हणजे त्याच कागदावर नाव नसलेले कोण आहेत, हा प्रश्न तेथून पुढे सुरू व्हायला हवा. व्हर्जिनियात १६२५ साली वसाहतकऱ्यांची मोजदाद झाली. इंग्रजांपुढे त्यांचे वय, जहाज आणि आल्याचे साल लिहिले गेले. १६१९ पासून तेथे आणलेल्या आफ्रिकी लोकांपैकी अनेकांचे नावही लिहिले गेले नाही. अँथनी, इझाबेला आणि त्यांचे मूल विल्यम यांची नोंद आहे. पण अशा नोंदी थोड्या. पुढे १६६२ मध्ये तेथील कायद्याने ठरवले की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरावे. एरवी बापाच्या नावावर चालणारा समाज येथे मात्र आईकडे वळला. कारण उघड होते : मालकापासून झालेले मूलही मालकाची मालमत्ताच राहिले. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत गुलाम हा केवळ आकडा होता. १८५० साली स्वतंत्र माणसांची एकूण एक नावे लिहिली गेली, पण गुलामांच्या वेगळ्या यादीत मालकाच्या नावाखाली बहुधा फक्त वय, लिंग आणि वर्ण एवढेच आले. गुलामीतून सुटलेल्या बहुसंख्य माणसांची नावे शिरगणतीत आली ती १८७० साली. त्यांच्या वंशजांचा शोध त्या सालाच्या भिंतीवर आदळतो. अ‍ॅलेक्स हॅलीच्या ‘रूट्स’ या १९७६ च्या पुस्तकाने एवढी खळबळ का उडवली, ते यावरून कळते. त्यातील तपशिलांवर अभ्यासकांनी पुढे गंभीर आक्षेप घेतले. परंतु ज्या भुकेतून ते लिहिले गेले ती भूक खोटी नव्हती.

अभिमान कोणत्या थराला जातो याचे उदाहरण व्हर्जिनियातच मिळते. पोकाहाँटास या मूळ रहिवासी स्त्रीचा विवाह १६१४ साली जॉन रॉल्फशी झाला. तेथील अनेक प्रतिष्ठित घराणी आपला वंश तिच्यापर्यंत नेतात. १९२४ साली राज्याने वंशशुद्धीचा कायदा केला तेव्हा या घराण्यांची अडचण नको म्हणून, एक-षोडशांश किंवा त्याहून कमी मूळ रहिवासी रक्त असलेला माणूस गोराच, अशी पळवाट ठेवली. आणि पोकाहाँटासचे स्वतःचे लोक ? नोंदणी खात्याचा प्रमुख वॉल्टर प्लेकर याने त्यांना दाखल्यांतून ‘काळे’ ठरवून त्यांची जमातच कागदावरून पुसण्याचा उद्योग केला. केंद्र सरकारकडून मान्यता मिळवायची तर वंशाचे पुरावे हवेत आणि पुरावेच तर बिघडवलेले ! व्हर्जिनियातील सहा जमातींना अखेर २०१८ साली संसदेच्या कायद्याने मान्यता मिळाली.

कोणी म्हणेल, पूर्वजांच्या पापाचे ओझे आजच्या मुलांनी का वाहावे ? मीही तसे म्हणत नाही. पण वारसा घ्यायचा तर तो सगळा घ्यावा. जमीन तेवढी आपली आणि तिच्यावरचे कर्ज मात्र परक्याचे, हे कोणत्या वारसा कायद्यात बसते ? शिवाय येथे एक साधे कर्तव्य करण्यासारखे आहे. मालकांच्या मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत गुलामांची पहिली नावे किमतीसह लिहिलेली असतात. ज्याच्या घरच्या पेटीत असा कागद आहे, त्याच्या हाती दुसऱ्या एखाद्या घराण्याची किल्ली आहे. ती त्याने दडवू नये.

याचा आपल्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की अमेरिकेतील युटाच्या वंशशोध संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही चित्रण करून ठेवले आहे. कुलवृत्तांत छापण्याची हौस आपल्यालाही आहे आणि आपलेही वंशवृक्ष मुलग्यांच्याच फांद्यांनी वाढतात. लेकी कोठे गेल्या, वाड्यात राबणारी माणसे कोण होती, हे तेथेही क्वचितच सापडते. आपल्यापैकी ज्यांना पुढे इतिहासाचा अभ्यास करावयाचा आहे, त्यांनी सुटीत घरची जुनी कागदपत्रे अवश्य उघडावी. आणि ती वाचताना आपल्या आडनावाखेरीज आणखी कोणाची नावे तेथे आली आहेत, त्यांचे एक वेगळे टिपण करावे.