मोठा जिताडा ही मादी असते

नदीच्या मुखाकडील ज्या पट्ट्यात भरतीचे खारे पाणी आत शिरते आणि ओहोटीबरोबर नदीचे गोडे पाणी समुद्राकडे ओढले जाते, त्याला खाडी म्हणतात. दिवा आणि डोंबिवली यांच्या दरम्यानचे कोपर अशाच पाण्याजवळ वसले आहे. कोपरहून वसई मार्गाची गाडी भिवंडीकडे निघाली की जी रुंद खाडी ओलांडते, ती राजमाचीच्या परिसरात उगम पावलेल्या उल्हास नदीची असून पुढे घोडबंदरवरून ती वसईजवळ अरबी समुद्राला मिळते. कोपरची ओळख आज गाडी बदलण्याचे स्थानक एवढीच उरावी ही खेदाची गोष्ट आहे, कारण या काठच्या आगरी-कोळी गावांचे जगणे घड्याळापेक्षा तिथीवर चालत आले. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास येणारी मोठी भरती म्हणजे उधाण, अष्टमीच्या आसपासची मंद भरती म्हणजे भांग. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने, तिथी ठाऊक असणाऱ्याला होडी कधी लोटायची हे कोणी सांगावे लागत नाही.

वल्ह्याने चालणारी ही होडी दिसायला साधी असली तरी खाडीच्या शिकारीला तिच्याइतके योग्य साधन नाही. तिला इंजिनाचा आवाज नसतो, ती हातभर पाण्यातही तरंगते आणि तिवरांच्या मुळांपर्यंत जाऊ शकते. चढत्या भरतीबरोबर बोय आणि कोलंबी तेथे शिरतात आणि त्यांच्या मागावर मोठा मासाही येतो. अमेरिकेच्या अटलांटिक आणि मेक्सिको आखाताच्या किनाऱ्यावर हेच काम कयाक करते. कयाक म्हणजे मुळात आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांनी सीलच्या शिकारीसाठी कातड्यापासून बनवलेली, दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याची अरुंद नाव. तिच्यात बसून तेथील हौशी मासेमार रेड ड्रम, म्हणजेच रेडफिश, हा शेपटीजवळ काळा ठिपका असलेला तांबूस मासा उथळ पाण्यात गाठतात, आणि गळाला लागलेला मोठा मासा कित्येकदा नावेसकट माणसाला ओढत नेतो. हा मासा आपल्या घोळ आणि ढोमा यांच्याच कुळातला असून, पोटातील वायुकोशावर स्नायू आपटून तो ढोलासारखा आवाज काढतो म्हणून त्याला ड्रम हे नाव मिळाले. त्याचा जागतिक विक्रम १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात नोंदला गेला. त्या माशाचे वजन सुमारे ४२.७ किलो होते.

या माशाबाबत अमेरिकेतील अनेक राज्यांनी स्वीकारलेला एक नियम महाराष्ट्राने बारकाईने पाहावा असा आहे. ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा धरू नये हे सर्वत्र सांगितले जाते. तेथे मात्र ठरावीक लांबीपेक्षा मोठा मासाही सोडावा लागतो, कारण चाळीस वर्षे जगू शकणाऱ्या या जातीत मोठे मासेच पुढच्या पिढीचा मुख्य आधार असतात. कोकणच्या खाड्यांत या नियमाची गरज जिताड्याला अधिक आहे. जिताडा जन्मतः बहुधा नर असतो आणि काही वर्षांनी, वाढल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे ज्या प्रचंड जिताड्याचे बाजारात कौतुक होते ती बहुतेक वेळा अंडी देणारी मादीच असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात हाच मासा, तेथील नाव बॅरामुंडी, ५८ ते १२० सेंटिमीटर लांबीचाच ठेवता येतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडीची किमान लांबी ठरवली, हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण किमान मर्यादा पिल्लाला वाचवते, आईला नाही. जिताड्याचा विणीचा काळ पावसाळ्याच्या सुमारास येतो आणि १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना लागू असते, त्यामुळे वल्ह्याची होडी त्याच दिवसांत खाडीत असते.

अमेरिकेत हा छंद आहे आणि येथे पोटाचा धंदा आहे, हा फरक विसरून होडीवाल्याला उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. एक मोठा जिताडा म्हणजे त्याची कित्येक दिवसांची कमाई असते, आणि अंबरनाथ-डोंबिवलीचे कारखाने व शहरांचे सांडपाणी सोसणाऱ्या उल्हासमध्ये ती आधीच आटली आहे. मात्र वाट अगदीच अनोळखी नाही. कासव, डॉल्फिन किंवा देवमासा यांसारखा संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्रात २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. तीच पद्धत मोठ्या जिताड्यालाही लावावी. होडीचा काठ पाण्याला जवळजवळ टेकलेला असल्याने मासा वर उचलण्याची गरजच पडत नाही. गळ काढून त्याचे तोंड प्रवाहाकडे धरायचे, कल्ल्यांतून पाणी वाहू द्यायचे आणि शेपटीला जोर आला की हात सैल करायचा.