वरळीच्या मतदारराजाचा जमाखर्च

निवडणूक जवळ आली की वरळीच्या बीडीडी चाळीतील माणूस एकाएकी ‘राजा’ होतो. या राजाचा महाल 160 चौरस फुटांचा, आणि पहाटे तो हातात टमरेल घेऊन सामायिक संडासापुढे रांगेत उभा! शेतकरी व कारागीर बंधूंनो, हा राजा परका नव्हे. सातारा, सांगली, रत्नागिरीकडून पोटासाठी गिरणीत गेलेला तो आपलाच चुलता, आपलाच मेहुणा. सबब त्याच्या मताचा जमाखर्च आपणही मांडला पाहिजे.

इंग्रज सरकारच्या विकास खात्याने 1920 नंतर या चाळी उठविल्या. एकट्या वरळीत 121, आणि दर चाळीत 80 खोल्या. कायदेभंगाच्या दिवसांत त्यांतील काहींचा तुरुंग केला होता. जी इमारत कैद्याला चालते ती कष्टकऱ्याच्या संसारालाही चालते, अशी ही सरकारी अक्कल! पुढे स्वराज्य आले, 1952 च्या निवडणुकीत सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांनी मते दिली. खोली मात्र तसूभर वाढली नाही.

असे का व्हावे? सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणीकामगारांची संघटना काढली व 1890 साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. त्या कामगाराला मत कोठे होते? मत नव्हते, पण मागणे एक होते. पुढे मत आले आणि मागण्याची शकले झाली.

ती कशी झाली हे 1974 च्या जानेवारीत पाहा. लोकसभेच्या मध्य-दक्षिण मुंबईच्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली होती. काँग्रेसचे रामराव आदिक उभे, शिवसेनेचा त्यांना पाठिंबा. दलित पँथरने बहिष्कार पुकारलेला. 5 तारखेस वरळीत पँथरच्या सभेवर दगड आले आणि चाळ चाळीवर उठली. 10 तारखेस परळला मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण मारला गेला. निवडून आल्या कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे. पडलेले आदिक 1983 साली उपमुख्यमंत्री झाले. ज्यांची डोकी फुटली त्यांच्यासाठी न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग!

आम्ही आमच्याच मराठा-कुणबी भावांना विचारतो: त्या दगडफेकीने तुमची खोली किती रुंद झाली? नळाला पाणी वाढले काय? बहुजन म्हणून छाती काढावयाची आणि बौद्ध शेजाऱ्यापुढे आपणच भट होऊन बसावयाचे, हे ढोंग जोतिरावांच्या नावावर खपणार नाही. त्याची गिरणी तीच, भोंगा तोच, सावकारही तोच होता.

पुढचा हिशेब लहान आहे. 1990 ते 2004 या चार निवडणुकांत शिवसेनेचे दत्ताजी नलावडे येथून आमदार झाले. 1995 पासून ते विधानसभेचे अध्यक्षही होते. खुर्ची उंच झाली, चाळ होती तेथेच. 2009 ला राष्ट्रवादीचे सचिन अहिर, 2014 ला शिवसेनेचे सुनील शिंदे. 2019 ला शिंद्यांनी जागा सोडली व आदित्य ठाकरे 67,427 मतांनी आले. 2024 ला ते पुन्हा आले, पण आघाडी 8,801 वर उतरली. समोर मिलिंद देवरा होते. एक पुढाऱ्याचा मुलगा, दुसराही पुढाऱ्याचाच. चाळीत पोरे जन्मली नाहीत काय?

मधल्या काळात पुनर्बांधणीचे भूमिपूजन 2017 साली एका सरकारने केले, 2021 साली दुसऱ्याने. भूमी तीच, पूजा दोनदा! गावचे जोशीबुवासुद्धा एका लग्नाची दक्षिणा दोनदा मागत नाहीत.

अखेर 14 ऑगस्ट 2025 रोजी पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आम्हाला आनंदच आहे. शंभर वर्षांनी का होईना, न्हाणी व संडास घरात आला. पण चाळिसाव्या मजल्यावर पाणी चढवावयास वीज लागते, लिफ्टला दुरुस्ती लागते. गिरणी गेली, पगार गेला. हे दरमहाचे ओझे पेलेना म्हणजे घर विकून कल्याण-विरारची वाट धरावी लागेल, आणि शेटजी तर दाराशी टपलेलाच आहे.

तेव्हा गावकऱ्यांनो, तुमचा माणूस गणपतीस घरी आला की त्याला बजावून सांगा. मत मागावयास येईल त्याला विचार, देखभालीचा खर्च किती वर्षे व कोण सोसणार? उत्तर लेखी घे. आणि त्या अर्जावर तुझ्या सहीशेजारी पलीकडच्या चाळीतील बौद्ध भावाची सही घेतल्यावाचून तो पाठवू नकोस.