चार्ली निघून गेला, आपण हिशोब करून जाऊ

डब्लिन म्हटलं की बहुतेकांना आयर्लंड आठवतं. हे डब्लिन कॅलिफोर्नियातलं. इथून ६८० हायवेने दक्षिणेला निघायचं, सुनोलला वळून नाइल्स कॅनियनचा वळणांचा रस्ता धरायचा, की साधारण अर्ध्या तासात नाइल्स नावाचं छोटं गाव लागतं. आज ते फ्रीमॉन्ट शहरात मोडतं. १९१५ साली याच गावात, एसने कंपनीच्या स्टुडिओत, चार्ली चॅप्लिन कामाला होता. पाच लहान सिनेमे त्याने इथे केले. त्यातला शेवटचा ‘द ट्रॅम्प’. गावात आता मूकपटांचं संग्रहालय आहे. तिथल्या १९१३ सालच्या जुन्या थिएटरात शनिवारी संध्याकाळी मूकपट दाखवतात आणि बाजूला बसून कुणीतरी पियानो वाजवतं.

तुम्ही म्हणाल, हक्कांच्या ब्लॉगवर चार्ली कशाला? सांगतो.

‘द ट्रॅम्प’मध्ये चार्ली एका शेतावर गडी म्हणून लागतो. काम त्याला काहीच येत नाही. दूध काढायचं म्हणून गायीची शेपटी हापशासारखी खालीवर करतो. आपण हसतो, कारण कामाच्या पहिल्या दिवशी आपलंही असंच झालेलं असतं. पुढे चोर येतात, तो त्यांना पळवून लावतो आणि त्या धावपळीत त्याच्या पायाला गोळी लागते. मालकाची मुलगी त्याची सेवा करते. त्याला वाटतं, आता आपलं नशीब उघडलं. मग तिचा प्रियकर येतो. चार्ली चिठ्ठी लिहितो, गाठोडं उचलतो आणि निघतो. शेवटी लांबलचक रस्ता आणि पाठमोरा तो. आधी खांदे पडलेले, मग एक झटका देऊन पुन्हा तीच ऐटदार चाल.

जगभर लोकांना हा शेवट आवडला. मलाही आवडतो. पण परदेशात मजुरी करणाऱ्या माणसाने तो बघताना एक प्रश्न विचारायला हवा. तो प्रेमभंगाने गेला हे खरं, पण गोळी लागली ती मालकाची राखण करताना. त्या पायाच्या भरपाईचं काय?

कारण आपली माणसं अगदी असंच करतात. हॉटेलच्या किचनमध्ये हात भाजला, गोदामात पाठ धरली, की दोन दिवस गोळ्या खाऊन कामावर हजर. नाहीच जमलं तर, ‘जाऊ दे, कोण भांडत बसणार?’ म्हणत दुसरीकडे. राहिलेला पगार तसाच, ओव्हरटाइम तसाच. याला आपण स्वाभिमान म्हणतो. माझ्या मते हा स्वाभिमान मालकाला फार स्वस्त पडतो.

गंमत म्हणजे पडद्यावरचा भटक्या असा निघून जात होता, पण तो उभा करणारा नट तसा नव्हता. किस्टोन कंपनीत त्याला आठवड्याला १५० डॉलर मिळत. एसनेने १२५० डॉलर आणि वर १०,००० डॉलर बोनस कबूल केला. बोनस देताना टाळाटाळ सुरू झाली, तेव्हा चार्लीने विषय सोडला नाही. तो गेल्यावर कंपनीने त्याच्या ‘कार्मेन’वरच्या विडंबनपटात भरताड घालून त्याची लांबी दुप्पट केली. तो कोर्टात गेला आणि हरला. पण शिकला. आपल्या कामाची अशी मोडतोड होणार नाही हे पुढच्या करारात त्याने लिहूनच घेतलं.

म्हणून मी म्हणतो, हसायला भटक्या बघा, वागायला चॅप्लिन बघा.

‘मॉडर्न टाइम्स’ हा १९३६ चा सिनेमा. त्यात मालकाला कामगारांची जेवणाची सुट्टी वाचवायची असते. मग एक यंत्र आणतात. ते कामगाराला जागेवरच भरवतं, वर तोंडही पुसतं. यंत्र बिघडतं, मक्याचं कणीस चार्लीच्या तोंडावर गरागरा फिरतं. थिएटरात लोक हसून हसून लोळतात. मालक यंत्र नाकारतो, पण का? कामगाराचे हाल झाले म्हणून नाही, ते व्यवहारात चालणार नाही म्हणून. त्याआधी चार्ली संडासात जाऊन सिगरेट पेटवतो, तर भिंतीवरच्या पडद्यावर मालक हजर: चल, कामाला लाग! आज आपल्या खिशात फोन आहे, फोनमध्ये हजेरीचं अ‍ॅप आहे, डोक्यावर कॅमेरा आहे. नव्वद वर्षांत पडदा फक्त लहान झाला.

पण आणखी एक गोष्ट झाली. या यंत्राविरुद्ध कायदे आले. कॅलिफोर्नियात तासावर काम करणाऱ्यांसाठी साधारण नियम असे: पाच तासांहून जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी, चार तासांमागे दहा मिनिटांची पगारी विश्रांती. दिवसाला आठ तासांवर दीडपट, बारा तासांवर दुप्पट पैसे. संडासात, कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा लावायला बंदी. कामावरून काढलं तर राहिलेला सगळा पगार त्याच क्षणी. न सांगता सोडलं तरी ७२ तासांत. मालकाने मुद्दाम थकवला तर दर दिवसाला एक दिवसाची मजुरी दंड, ३० दिवसांपर्यंत. कामावर लागलं तर मालकाला कळल्यापासून एका कामाच्या दिवसात त्याने भरपाईचा फॉर्म द्यायचा. लेबर कमिशनरकडे पगाराची तक्रार करायला पैसे लागत नाहीत.

हे सगळं तुमचा व्हिसा कुठला, कागद आहेत की नाहीत, हे न बघता लागू आहे. ‘इमिग्रेशनला कळवतो’ अशी धमकी देऊन हक्क मारणं हाच इथे गुन्ह्यासारखा प्रकार आहे.

तरी भीती वाटते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. १९१७ च्या ‘द इमिग्रंट’मध्ये जहाजावरून स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो आणि त्याच क्षणी अधिकारी दोर लावून सगळ्यांना गुरांसारखं मागे रेटतात. आणि १९५२ मध्ये, चाळीस वर्षं अमेरिकेत काम केलेला, जगातला सगळ्यात ओळखीचा हा माणूस जहाजाने लंडनला निघाला असताना सरकारने त्याचा परत येण्याचा परवाना रद्द केला. तो थेट १९७२ मध्ये, ऑस्कर घ्यायला म्हणून आला. त्याची ही गत, तर आपली काय? म्हणून शहाणपणाने चाला. तक्रार करण्याआधी मोफत कायदा मदत देणाऱ्या संस्थेशी बोला, व्हिसाचा प्रश्न असेल तर त्या विषयाच्या वकिलाशी बोला. पण ‘गप्प बसणं’ हा एकमेव सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. तो बऱ्याचदा मालकाच्याच जवळचा असतो.

दुबईत, दोह्यात, मस्कतमध्ये असाल तर कायदे वेगळे. पण सुरुवात सगळीकडे एकच आहे आणि त्याला वकील लागत नाही. कराराचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, एक कॉपी घरी पाठवा. रोज किती वाजता लागलो, किती वाजता सुटलो, वहीत लिहा. पगाराची स्लिप फेकू नका. लागलं, भाजलं तर त्याच दिवशी सुपरवायझरला मेसेज करा, नुसतं तोंडी सांगू नका. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असेल तर तेही तारखेसह लिहा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते, तिथे हीच वही कामाला येईल.

सुट्टीच्या दिवशी खोलीतल्या चौघांनी मिळून फोनवर ‘मॉडर्न टाइम्स’ बघा. भाषेची अडचण नाही, कारण चार्ली शेवटी गाणं म्हणतो तेसुद्धा कुठल्याच भाषेतलं नाही. पोट धरून हसा. मग वही काढा आणि या आठवड्याचे तास लिहा.

रस्ता आपल्यालाही धरायचाच आहे, एक ना एक दिवस. फक्त रिकाम्या गाठोड्याने नको.