शिक्षकांची टीईटी, मुलांची पॅट आणि आपली शाळा

सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी निकाल दिला, तेव्हापासून शिक्षकांच्या बोलण्यात एकच विषय आहे: टीईटी. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या, पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी या निकालानुसार दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. टीईटी अस्तित्वातच नव्हती तेव्हा लागलेलेही यातून सुटलेले नाहीत.

आपल्या समाजात यावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक, "एवढा पगार घेतात, द्या म्हणावं परीक्षा." दुसरे, हा आरक्षणातून लागलेल्या आपल्या माणसांना घालवण्याचा डाव आहे. आम्हाला दोन्ही अपुरी वाटतात. डी.एड. करून, शिक्षण सेवक म्हणून महिना 3,000 रुपयांवर तीन वर्षे काढून कायम झालेले शिक्षक-शिक्षिका आपल्या वस्त्यांतून आले आहेत. त्यांच्या पगारावर भावंडांची शिक्षणे झाली. त्यांची काळजी रास्तच आहे. पण जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत आज मुले उरली आहेत ती बहुतांशी आपली, आदिवासी, भटक्या आणि मजूर घरांतली. चौथीतल्या मुलीला सलग वाचता येत नसेल तर तिची बाजू कोण मांडणार? शिक्षकांचे मूल्यमापन नकोच, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

प्रश्न आहे तो कशाने मोजायचे हा. टीईटी म्हणजे 150 गुणांचा बहुपर्यायी पेपर. खुल्या गटाला 60 टक्के, मागासवर्गीयांना 55. वीस वर्षे वर्गात काढलेली बाई अडखळणाऱ्या पोराला कशी वाचायला लावते, हे त्यात कुठेच येत नाही. आणि या परीक्षेचा इतिहासही आपल्याला माहीत आहे. टीईटी गैरव्यवहार प्रकरणात परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना डिसेंबर 2021 मध्ये अटक झाली. पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली.

दुसरीकडे मुलांची पॅट. वर्षातून तीन चाचण्या: सुरुवातीला पायाभूत, मग दोन संकलित. पेपर राज्याकडून येतात, तपासतात वर्गशिक्षकच आणि गुणही तेच ऑनलाइन भरतात. मूल कुठे अडले हे शिक्षकाला कळावे यासाठी ही सोय ठीक आहे. पण त्याच गुणांवरून शाळेची आणि गुरुजींची इज्जत ठरू लागली, की आकडे कसे येतील हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात 25 निकषांवर शाळा प्रगत ठरत होत्या. अशा शाळांतही बाराखडीत अडकलेली मुले आम्हाला भेटत राहिली.

महात्मा फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगाला दिलेले निवेदन या संदर्भात वाचण्यासारखे आहे. जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्या शिक्षकांना वेगळा भत्ता द्या, असे जोतीराव त्यात सुचवतात. म्हणजे निकालाशी शिक्षकाचा संबंध त्यांना मान्य होता. पण त्याच निवेदनात आधी काय मागितले आहे? प्रशिक्षित शिक्षक, किमान 12 रुपये पगार, आणि शेतकरी-कष्टकरी जातींतून आलेले मास्तर. चांगल्या कामाला जादा भत्ता, तोही पुरेशा पगाराच्या वर. आजचा क्रम उलटा आहे: पदे रिकामी, एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, वरून सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे, आणि अपयश मात्र एकट्या मास्तरचे किंवा मुलाचे. मुलाचे यासाठी, की पाचवी-आठवीत फेरपरीक्षेतही नापास झाल्यास त्याच वर्गात बसवण्याचा नियम राज्याने 2023 मध्ये आणलाच आहे.

टीईटीचे काय करायचे ते संघटना, सरकार आणि न्यायालय बघतील. पॅटचा निकाल मात्र आपल्या हाताच्या अंतरावर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, दुर्बल घटकांना प्रमाणात जागा हव्यात. आपल्या किती विहारांतल्या तरुणांना आपल्या शाळेच्या समितीतले पालक ठाऊक आहेत? त्यांच्याबरोबर बसा. समितीला विचारायला लावा: मागे पडलेली मुले किती, त्यांच्यासाठी पुढच्या चाचणीपर्यंत काय होणार, किती पदे रिक्त आहेत, गेल्या महिन्यात गुरुजी किती दिवस वर्गाबाहेरच्या कामाला होते. मुलांची नावे भिंतीवर लावू देऊ नका. आणि उत्तरे तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या. त्या नोंदीची प्रत जोडली तरच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे रिक्त पदासाठी पाठपुरावा करता येतो.